धाकटीची बिनआवाजाची गाडी

बायका एकमेकींच्या दागिन्यांवर जळतात, लुगड्यावर जळतात. आमच्या वस्तीवर जळण्याजोगं सोनं कुणाकडंच नव्हतं, म्हणून मी माझ्या धाकट्या जावेच्या चार बेरिंगांवर जळले. हसा तुम्ही. पण त्या उन्हाळ्यात माझ्या पोटात जे पेटलं होतं, त्याच्यावर दोन माणसांच्या भाकरी सहज झाल्या असत्या.

साल मला नेमकं सांगता यायचं नाही. बहात्तरचा मोठा दुष्काळ तो नव्हे. त्याच्या नंतरचा, गावोगाव दुधाच्या सोसायट्या निघाल्या होत्या तेव्हाचा. आमची वस्ती येडशीच्या अलीकडं, डांबरी रस्त्याला लागून, चढावर. सहा घरं. रस्ता तिथनं उतरत उतरत खाली फाट्याला जातो. फाट्यावर सोसायटीची डेअरी. डेअरी म्हणजे काय, एक पत्र्याची खोली, एक काटा, फॅट बघायचं यंत्र आणि एक सेक्रेटरी. सकाळी सातच्या सुमाराला दूध संघाची लॉरी यायची, कॅन उचलायची आणि जायची. ती बापासाठीसुद्धा थांबत नव्हती.

त्या साली बैलं आणि भाकड जनावरं सगळी छावणीला गेलेली. दावणीला राहिली ती दुभती. वस्तीचं दूध एकजण सायकलवरनं न्यायचा. तो बायकोसकट ऊसतोडीला गेला आणि सायकलही घेऊन गेला. चार दिवस आम्ही बायकांनी डोक्यावर कळशा नेल्या. मानेचा काटा ढिला झाला. मग सेक्रेटरी म्हणाला, "असं करा, वस्तीचं सगळं दूध एकानंच आणायचं. जो रोज लॉरीच्या आधी आणील त्याला सोसायटी पंधरा दिवसाला एक पोतं सरकी पेंड देईल."

पेंड! त्या दिवसांत कडब्याची पेंढी डोळ्याला दिसत नव्हती, तिथं पोतंभर सरकी. माझी म्हैस माहेरची. आईनं मला वगार म्हणून दिलेली, माझ्या हातावर मोठी झालेली. तिच्या फासळ्या मोजता येत होत्या. आमच्या मालकांनी सांगून टाकलं होतं, "चाऱ्याचं काही जमलं न्हाय तर पुढल्या म्हैन्यात वाशीच्या गुरांच्या बाजाराला न्यायची. डोळ्यादेखत मारण्यापेक्षा इकलेली बरी." म्हणजे पेंड मिळाली तर म्हैस माझी, नाही मिळाली तर म्हैस वाशीच्या बाजारातल्या कुणाची तरी. एवढा सरळ मामला होता.

बाकीच्या चार घरांनी अंग काढून घेतलं. कुणाचं पोर तान्हं, कुणाचं गुडघं दुखतंय. उरलो आम्ही दोघी जावा. चुली आमच्या वेगळ्या झालेल्या, पण मधे भिंत नव्हती. तुरकाट्यांचं नुसतं कूड होतं. माझ्या घरात कढईत मोहरी तडतडली तर तिला ठसका लागायचा. सासू आधीच गेलेली. सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, ते धाकटीकडं राहायचे. त्यांचे डोळे अधू झाले होते, पण कान असे तिखट की कुणाची कोंबडी कुणाच्या अंगणात खुडूक बसली ते खाटेवरनं सांगायचे.

सेक्रेटरी म्हणाला, "एक आठवडा थोरलीनं आणायचं, एक आठवडा धाकटीनं. मग बघू."

डोक्यावरनं कॅन जाणार नव्हते. गाडी पाहिजे. गाडी म्हणजे तेव्हा दुष्काळात घरोघरी झाली होती ती, पाण्याच्या टँकरवरनं घागरी आणायची. एक जाड फळी, तिच्याखाली दोन आडव्या बाभळीच्या दांड्या, दांड्यांच्या टोकांना मोटारीची टाकाऊ बेरिंगं चाकं म्हणून बसवायची आणि पुढं दोरी बांधून ओढायची. डांबरावर पळते, मातीत गेली की रुतून बसते. आमच्या दोन्ही घरांत ती नव्हती. मग आम्ही दोघी एसटीनं उस्मानाबादला गेलो, एका गॅरेजात.

मिस्त्रीनं एक पत्र्याचा डबा आमच्या पुढ्यात उपडा केला. "घ्या, काय पाहिजे ते. सगळं भंगारच हाय."

मी बघताच पहिल्यांदा हात घातला तो मोठ्या, चकाकणाऱ्या बेरिंगांना. भांडी घेताना आपण काय करतो? जड बघतो, चकचकीत बघतो. तशी दोन ट्रकची मोठी घेतली, वरवंट्याच्या तोंडाएवढी, आतले छर्रे उघडे, आरशासारखे. तशीच आणखी दोन मिळेनात, म्हणून दोन बारकी घेतली. माझ्या मनात हिशेब पक्का होता. ट्रॅक्टरला मागं मोठी चाकं असतात, पुढं लहान. तो बनवणारा काय वेडा आहे?

धाकटी मात्र भुईवर फतकल मारून बसली. एकेक बेरिंग उचलायची, आतल्या कड्यात बोट घालायची, दुसऱ्या हातानं बाहेरचं कडं हळू हळू फिरवायची आणि कानाशी धरायची. मिस्त्री हसायला लागला. "बाई, कुडकं हायत का ती? कानात घालताय व्हय?"

"रडतंय का बघते," ती म्हणाली.

"काय रडतंय?"

"आत एखादा छर्रा फुटलेला असला की रडतंय. खर्र खर्र करतंय." मग बेरिंगाची दोन्ही कडी धरून तिनं आडवी हलवून बघितली. "आनी ह्ये ढिलं झालंय. ह्ये नको." एक निळसर झालेलं दिसलं, तेही बाजूला टाकलं. "ह्ये तापून गेलंय."

मिस्त्रीचं हसू गेलं. तो उकिडवा बसला आणि आपणहून तिला शोधून द्यायला लागला. शेवटी तिनं घेतली ती चार सारखी, काळी, तळहातावर मावतील एवढी, दोन्ही अंगानं पत्र्याची झाकणी असलेली. पाण्याच्या मोटरीची होती म्हणे. दुष्काळात मोटरी पडूनच होत्या, विहिरीत पाणीच नाही तर कशाला फिरतील. तिनं सुतळीनं आतल्या भोकाचं माप घेतलं, सुतळीला गाठ मारली आणि कनवटीला लावली.

मिस्त्रीनं तिला विचारलं, "कुठलं माहेर तुमचं?"

"परांड्याकडचं. आमचे वडील, दादा, पिठाच्या गिरणीवर होते. इंजनापाशीच वाढले मी."

मिस्त्रीनं मला काही विचारलं नाही. माझ्या पिशवीत तिच्या दुप्पट वजनाची बेरिंगं होती, तरी विचारलं नाही. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. मी तिच्या पिशवीकडं बघत होते. माझं माहेर शेतकऱ्याचं, चांगलं, चार माणसांत नाव असलेलं. पण तिथं मला कुणी इंजनापाशी बसवलं नव्हतं. तिथंच पहिली ठिणगी पडली असं मला वाटतं. माणूस दुसऱ्याच्या वस्तूवर जळतो ते वरवरचं असतं. दुसऱ्याला येतं त्याच्यावर जळणं फार आतलं. वस्तू चोरता तरी येते.

आमच्या मालकांनी गाडी एका दुपारीत ठोकली. बेरिंगाचं भोक दांडीला मोठं झालं, तर चिंधी गुंडाळली. दुसऱ्या बाजूला लहान झालं, तर वरनं हातोडा घातला, बाहेरच्या कड्यावर. धाकटीकडं माझा दीर दोन दिवस दांडी तासत बसला होता. ती त्याला थांबवायची, सुतळी लावून बघायची, "आजून वाईच" म्हणायची. बेरिंग बसवताना पाइपाचा एक तुकडा आतल्या कड्यावर धरायचा आणि त्या पाइपावर हलके ठोके. आम्ही कुडाच्या फटीतनं बघून हसलो. मालक म्हणाले, "नवरीला चुडा चढवायलेत जणू."

पहिला आठवडा माझा. पहाटेच्या अंधारात दूध गोळा केलं, दोन कॅन फळीवर बांधले आणि निघाले. अहो, काय सांगू! गाडी डांबराला लागली आणि असा खडखडाट सुटला की झाडावरची पाखरं उठली. वस्तीवरची कुत्री भुंकत मागं. मोठी बेरिंगं मागं, लहान पुढं, आणि रस्ता उताराचा. म्हणजे सगळी गाडीच पुढं ओणवलेली. दुष्काळात कॅन अर्धेच भरायचे, आत दूध डुचमळतंय, आपटतंय. उतारावर गाडी माझ्या घोट्यावर येत होती. मी पुढं ओढत नव्हते, गाडीपुढं पळत होते म्हणा ना.

लॉरीच्या आधी पोचले मात्र. छाती फुगवून उभी राहिले. सेक्रेटरीनं कॅनचं झाकण काढलं आणि झाकणाकडंच बघत राहिला. झाकणाला आतनं लोणी चिकटलं होतं. वर पिवळे गोळे तरंगत होते.

"बाई," तो म्हणाला, "दूध आणा म्हणलं होतं. घुसळायला कुणी सांगितलं?"

लॉरीवाला हसून हसून स्टिअरिंगवर पडला. फॅट लागली ती निम्मीच, बाकीची झाकणाला. सहा घरांच्या तोंडाला काय उत्तर देणार? सेक्रेटरीनं लोणी बोटानं काढून दुधात कालवायला लावलं. ते कुठं कालवतंय? आठवडाभर हेच. झाकणाखाली फडकं घातलं, कॅनला गोधडी गुंडाळली. खडखडाट काही जाईना. घरी आल्यावर मामा खाटेवरनं म्हणायचे, "थोरले, आली का गं तुझी रेल्वे?"

मग तिचा आठवडा आला.

पहिल्या दिवशी मी अंथरुणातच कान देऊन पडले होते. गाडी जाईल, आवाज येईल, मग बघू. वाट बघून बघून उठले तर ती जाऊन परत आली होती. अंगणात कॅन धूत होती. कुत्रंसुद्धा भुंकलं नव्हतं. मामा चहा पिता पिता म्हणाले, "धाकटीची गाडी डांबरावर न्हाय, लोण्यावर चालतीया." आणि सेक्रेटरीनं फॅटची चिठ्ठी दिली ती तिनं मुद्दाम नाही, पण अगदी माझ्या समोर उलगडून मामांना वाचून दाखवली. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. तिला येत होतं. हेही एक होतंच.

त्या आठवड्यात मी कशाकशावर जळले ते ऐका. तिच्या चालण्यावर जळले. दोरी दोन बोटांत धरून ती अशी जायची की जणू बकरू चारायला निघालीय. तिच्या पायांवर जळले, कारण माझे घोटे सोलून निघाले होते. बायका तिला "कसं गं जमवलंस" म्हणायच्या, त्या बायकांवर जळले. आणि माझ्या म्हशीनं एकदा कुडापलीकडं मान घालून तिच्या हातचा पालापाचोळा खाल्ला, तर मी म्हशीवरसुद्धा जळले. दोन दिवस तिच्या अंगावरनं हात फिरवला नाही. मुकी बिचारी, तिच्याचसाठी तर चाललं होतं.

रविवारी दुपारी कुडापलीकडं रॉकेलचा वास आला. मी फटीला डोळा लावला. धाकटीनं चारही बेरिंगं काढली होती. कापलेल्या डब्यात रॉकेल, त्यात बेरिंग बुडवून ती हळू हळू फिरवत होती. काळं पाणी सुटत होतं. मग दुसरं, स्वच्छ रॉकेल. मग फडक्यावर सावलीत पालथी मांडून ठेवली, पापडासारखी. पुढं काय करते बघावं तर मालकांनी हाक मारली. मी गेले. परत आले तोवर बेरिंगं गाडीला चढलेली.

माझा दुसरा आठवडा उद्यापासून होता. गर्व गिळला आणि विचारलं. "काय गं, एवढी गप कशी चालती तुझी गाडी?"

ती म्हणाली, "काय न्हाय आक्का. धुवायची, पुसायची."

"एवढंच?"

"एवढंच की." आणि ती पातेलं घासायला लागली.

मी घरी येऊन रेशनचं रॉकेल काढलं. कंदिलाला राखलेलं. धुतली बेरिंगं, पुसली. बोटानं फिरवली तर कोरडी ठक्क, चर्र चर्र वाजायला लागली. माझ्याही डोक्यात उजेड पडला की नुसतं धुऊन कसं चालेल, तेल तर पाहिजेच. आता आमच्या घरात तेल म्हणजे करडईचं. पोराच्या टाळूला तेच, दिव्याला तेच, भाजीला तेच, दाराच्या बिजागरीला तेच, बैलाच्या खांद्याला लावायचं तेही तेच. दुसरं तेल जगात असतं हे ठाऊक होतं, पण त्याची गरज कधी पडली नव्हती. वाटीभर ओतलं. छर्रे बुडेपर्यंत. सणाला लेकराला न्हाऊ घालावं तसं चोळून चोळून घातलं. मोठी बेरिंगं पुढं घेतली, लहान मागं, तेवढं शहाणपण आलं होतं.

आणि काय सांगू, पहिल्या दिवशी गाडी निघाली ती गप! खडखड होती थोडी, पण ती किंचाळणारी गाडी राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशीही तशीच. झाकणाला लोणी नाही. सेक्रेटरी म्हणाला, "थोरल्या बाई, सुधारली की गाडी." मी घरी येताना धाकटीच्या अंगणातनं आले, तिकडनं वाट नसताना. मामांना म्हणलं, "मामा, आज रेल्वे आली का?"

"न्हाय गं," मामा म्हणाले. "आज काय ऐकूच आलं न्हाय."

धाकटीनं मान वर केली आणि माझ्या गाडीकडं बघितलं. चाकाकडं. मला वाटलं, आता जळ तू.

तिसऱ्या दिवशी गाडी जड लागायला लागली. मी म्हणलं, माझंच अंग दुखतंय. चौथ्या दिवशी आणखी जड. करडईच्या तेलाला वारं आणि ऊन लागलं की ते घट्ट होतं, डिंकासारखं. तव्याच्या कडेला साचलेलं तेल कसं खरवडावं लागतं, बायांनो, तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. रोज तवा घासत होते की! पण तवा तो तवा आणि गाडी ती गाडी, असं माझं डोकं. त्यात त्या दुष्काळातला फुफाटा. उघडे छर्रे, चिकट तेल, वर धूळ. पाचव्या दिवशी उताराच्या मध्यावर डाव्या अंगाचं पुढचं मोठं बेरिंग बसलं ते बसलंच. फिरेना. गाडी गर्रकन वळली आणि रस्त्याकडंच्या पाण्याच्या चारीकडं निघाली. मी दोरीला लोंबकळून धरली. कॅन कलंडले नाहीत हे नशीब. पण पुढं एक पाऊल हलेना. लाथा घातल्या, दगडानं ठोकलं. शेवटी एक कॅन तिथंच ठेवून दुसरा काखेत घेऊन निघाले, तर खालनं लॉरी फाट्यावरनं वळताना दिसली. हाक मारली. लॉरीला कुठला कान?

सेक्रेटरीनं दूध घेतलं नाही. "आता उद्याच्या लॉरीपर्यंत कुठं ठेवू? नासंल." सहा घरांचं दूध मी परत वर आणलं, एकेक कॅन, तापलेल्या रस्त्यानं. दुपारपर्यंत ते फाटलं. त्या दिवशी वस्तीवर सहाही घरांत कढीसारखं काहीतरी शिजलं आणि सहाही घरांनी माझ्या नावानं भुरकलं.

माझं डोकं फिरलं. मी गाडी ओढत तशीच धाकटीच्या अंगणात नेली. बायका जमल्याच होत्या. मी सगळ्यांदेखत ओरडले, "हिनं मला अर्धंच सांगितलं! हिच्यामुळं झालं! माझी म्हैस बाजारात जावी म्हणून हिनं केलं!"

धाकटी गाडीपाशी आली. खाली बसली. बसलेल्या बेरिंगात बोट घातलं, काढलं आणि वास घेतला.

"आक्का," ती म्हणाली, "करडई?"

"मग काय घालू? तूप?"

कुणीतरी फिसकन हसलं. धाकटीच्याही ओठावर आलं होतं, पण तिनं दाबलं. ती म्हणाली, "ग्रीस घालायचं असतं. आमच्या दादांनी दिलेली डबी हाय माझ्याकडं. तळहातावर घ्यायचं आणि छर्ऱ्यांच्या फटीत दाबायचं. थोडंच. बाहेरनं पुसून टाकायचं, न्हायतर धूळ धरतंय."

"हे रविवारी का न्हाय सांगितलंस?"

मला वाटलं ती म्हणेल, विसरले. किंवा म्हणेल, तुम्ही विचारलं नाही. तिच्या जागी मी असते तर तेच म्हणाले असते. तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "मला बी पेंड पाहिजे होती, आक्का. माझी बी म्हैस हाय."

मामा खाटेवरनं खाकरले. आणि गंमत बघा, तिनं खोटं बोलायला पाहिजे होतं. ती खोटं बोलली असती तर मला तिच्यावर सुखानं रागावता आलं असतं. तिनं खरं सांगितलं आणि मी मोकळ्या हातानं उभी राहिले. तिची म्हैस कुडाला बांधलेली होती. मी एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या फासळ्या बघितल्या. माझ्या म्हशीपेक्षा चार जास्तच दिसत होत्या.

काम धाकटीला लागलं. ते लागणारच होतं. पहिलं पोतं सोसायटीच्या गड्यानं तिच्या दारात टाकलं, तो धप्प आवाज मी कुडाआडनं ऐकला. सरकीचा वास आला. माझ्या म्हशीनं दावं ताणलं आणि ओरडायला लागली. बाजार तीन दिवसांवर होता. मालकांनी तिची शिंगं तेल लावून चकचकीत केली. विकायच्या जनावराची करतात तशी.

ती शिंगं बघितली आणि मी उठले. कूड ओलांडून गेले. धाकटी पोत्याची शिवण उसवत होती. मी म्हणलं, "अर्धं पोतं दे."

तिनं पोतं आपल्याकडं ओढलं.

"फुकट नको. उतारावर तुला मागनं दोरी धरायला माणूस पाहिजे. अर्ध्या कॅनची गाडी एकटीनं उतरवतेस, पाऊस पडून दूध वाढलं, कॅन भरले की चिरडशील. मी मागनं धरते. आणि दर रविवारी बेरिंगं मी धुते. रॉकेल माझं."

"धुता येतील?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता, पण मला तो लागला.

"सगळी वस्ती जेवली माझ्या धुण्यावर. आता येतंय."

ती हसली. मग म्हणाली, "धुवा तुमी. पण ग्रीस मी भरणार."

म्हणजे भरवसा नाहीच. गोठ्यात म्हैस ओरडत होती. "भर," मी म्हणलं.

अर्धं पोतं घमेल्यानं मोजून घेतलं, दोघींनी डोळ्यांत तेल घालून. मालकांनी बाजाराचं नाव टाकलं.

पाऊस पडेपर्यंत दर रविवारी मी ती चार काळी बेरिंगं धुतली. झाकणीच्या कडेनं खिळ्याच्या टोकानं घाण काढायची, दोन पाण्यांतनं काढतात तशी दोन रॉकेलांतनं काढायची, कोरडं असताना गरागरा फिरवायचं नाही, उन्हात वाळवायचं नाही, हे सगळं मला येऊ लागलं. कानाशी धरलं की कुठलं रडतंय ते मलाही कळायला लागलं. मी तिच्यापेक्षा चांगली धुवायची, हे मी आजही म्हणते. मग ती चार बेरिंगं मी तिच्या पुढ्यात मांडायचे आणि धाकटी डबी उघडायची, तळहातावर तो पिवळा गोळा घ्यायची आणि अंगठ्यानं दाबत बसायची. मी बघत बसायचे. डबी एकदाही तिनं माझ्या हातात दिली नाही. मी मागितलीही नाही.

रोज पहाटे ती पुढं दोरी धरून, मी मागं. गाडी एवढी गप की तिच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू यायच्या. फाट्यावर जो भेटेल तो म्हणायचा, "धाकटीची गाडी म्हणजे गाडी." मागं दोरीला ताण देऊन उभी असलेली बाई कुणाला दिसत नव्हती.

एक दिवस संघाचा कुणी साहेब आला होता, लॉरीबरोबर. त्यानं गाडी पाहिली, पायानं मागं पुढं ढकलून बघितली, आवाज नाही. सेक्रेटरी मोठ्या कौतुकानं म्हणाला, "साहेब, ह्या बाईंची गाडी. कधी लॉरी चुकली न्हाय. बाई, सांगा की साहेबाला, काय करता गाडीला?"

धाकटीनं पदर सारखा केला, खाली बघितलं आणि म्हणाली, "काय न्हाय साहेब. नशीब आपलं."

मी मागनं म्हणलं, "नशीब न्हाय, रॉकेल. आनी ते माझ्या घरचं हाय."

साहेबानं वळून माझ्याकडं बघितलं. "ह्या कोण?"

सेक्रेटरी म्हणाला, "ह्या थोरल्या. ह्यांनी मागं एकदा दुधाचं लोणी करून आणलं होतं."

लॉरीवाला पुन्हा स्टिअरिंगवर पडला. परत येताना चढावर गाडी रिकामी होती, मागनं धरायची गरज नव्हती. तरी मी दोरी सोडली नाही, चांगली मागं ओढून धरली. धाकटीला कळलं असणार, दोरी जड झाली होती. तिनं वळून बघितलं नाही. वस्तीपर्यंत ती पुढं ओढत होती आणि मी मागं.